मिठाचा खडा, विरजण आणि सिलिकॉन

आपल्याकडे बरीच वर्षं 'ट्रान्झिस्टर' या शब्दाचा अर्थ रेडिओ असा होता. 'जरा ट्रान्झिस्टर लाव रे', 'ट्रान्झिस्टरचे सेल संपले', 'कॉमेंट्री ऐकायला कानाशी ट्रान्झिस्टर धरून बसलाय' ही वाक्यं तुमच्या आजोबांच्या पिढीत सर्रास ऐकू यायची. खरा ट्रान्झिस्टर म्हणजे त्या खोक्याच्या आत बसवलेला, वाटाण्याएवढा एक भाग. पण तो इतका नवलाचा होता की त्याचं नाव अख्ख्या खोक्यालाच चिकटलं.

१९५४ साली अमेरिकेत 'रीजन्सी टीआर-१' हा ट्रान्झिस्टरवर चालणारा पहिला रेडिओ बाजारात आला. त्यात चार ट्रान्झिस्टर होते. २०२३ साली आलेल्या ॲपलच्या 'ए१७ प्रो' या फोनच्या चिपमध्ये साधारण १९०० कोटी आहेत.

चारपासून १९०० कोटींपर्यंतचा हा प्रवास नेहमी लहान होत जाण्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो. वस्तू लहान झाली, स्वस्त झाली, वेगवान झाली. हे खरंच आहे. पण या गोष्टीच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आहे घाणीची. कुठली घाण काढायची, कुठली मुद्दाम घालायची, कुठली घाण मुळात घाण नव्हतीच, आणि काढलेली घाण शेवटी कुठे गेली, याची. सेमीकंडक्टरचा, म्हणजे अर्धवाहकांचा, इतिहास या चार प्रश्नांभोवती फिरतो. चौथा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि आता तो आपल्या दारात आला आहे.

धड ना वाहक, धड ना दुर्वाहक

शाळेत आपण शिकतो की तांब्यातून वीज वाहते, काचेतून वाहत नाही. पहिला वाहक, दुसरा दुर्वाहक. पण निसर्गात काही पदार्थ असे आहेत की ते दोन्हींपैकी कुठल्याच रांगेत नीट उभे राहत नाहीत. त्यांच्यातून वीज थोडीशी वाहते, आणि किती वाहणार हे परिस्थितीवर ठरतं.

१८३३ साली मायकेल फॅरडेच्या लक्षात आलं की सिल्व्हर सल्फाइड तापवलं की त्यातून वीज जास्त सहज वाहते. धातूंचं नेमकं उलट असतं. ते तापले की वीज अडते. १८७४ साली जर्मनीत फर्डिनांड ब्राउनला दिसलं की गॅलेना, म्हणजे शिशाचं एक खनिज, एका बाजूनं वीज जाऊ देतं आणि उलट्या बाजूनं अडवतं. एकेरी रस्त्यासारखं. असं का होतं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

या एकेरी रस्त्याचा उपयोग ओळखणाऱ्या पहिल्या काही माणसांत एक नाव आपल्या ओळखीचं आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवणारे जगदीशचंद्र बोस १८९०च्या दशकात रेडिओलहरींवर प्रयोग करत होते. लहर हवेतून आली हे कळायला काहीतरी साधन हवं. बोसांनी त्यासाठी गॅलेनाचा स्फटिक वापरला. आपल्या शोधांची पेटंटं घ्यावीत असं त्यांना वाटत नव्हतं, पण मित्रमंडळींच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली. १९०१ साली अर्ज केला आणि १९०४ साली त्यांना अमेरिकेचं पेटंट मिळालं. अर्धवाहकापासून बनवलेल्या साधनाच्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांत त्याची गणना होते.

पुढे १९२०च्या दशकात घराघरांत स्फटिकाचे रेडिओ आले. त्यात गॅलेनाचा एक खडा असायचा आणि त्यावर टेकवलेली एक बारीक तार. तिला इंग्रजीत मांजराची मिशी म्हणत. ऐकणारा ती मिशी खड्यावर इकडे तिकडे टोचत बसायचा. एखाद्या जागी आवाज यायचा, शेजारच्या जागी नाही. आज लागलेली जागा उद्या लागायची नाही. दोन खडे दिसायला सारखे असले तरी एकसारखे वागायचे नाहीत.

शास्त्रज्ञ या प्रकाराला वैतागले होते. १९३१ साली वोल्फगांग पाउली या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञानं आपल्या सहकाऱ्याला पत्रातून बजावलं की अर्धवाहकांच्या नादी लागू नये, तो सगळा घाणेरडा गोंधळ आहे. त्याचा वैताग समजण्यासारखा होता. प्रत्येक प्रयोगाचं उत्तर वेगळं येत असेल तर नियम मांडायचा कशाचा? मात्र पाउली रागाच्या भरात नेमका मुद्दा बोलून गेला होता. गोंधळाचं मूळ खरोखरच घाणीत होतं.

भेगेतला उजेड

१९४० सालचा फेब्रुवारी महिना. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत रसेल ओल नावाचा माणूस सिलिकॉनचे तुकडे तपासत होता. रडारच्या लहरी पकडायला तेव्हाचे काचेचे व्हॉल्व्ह कमी पडत होते. त्यामुळे तो जुना, वैताग आणणारा स्फटिक पुन्हा कामाला येईल, असं त्याला वाटत होतं.

त्यातल्या एका तुकड्याला भेग गेली होती. तो तुकडा फारच विचित्र वागायचा. त्यावर दिव्याचा उजेड पडला की त्यातून आपोआप वीज निघायची, जवळपास अर्धा व्होल्ट. मार्च महिन्यात ओलनं हा प्रकार वरिष्ठांसमोर करून दाखवला. तिथे वॉल्टर ब्रॅटन हजर होता. आपली कुणीतरी थट्टा करतंय, असं त्याला क्षणभर वाटलं.

तपास सुरू झाला. तो तुकडा ज्या लगडीतून कापला होता ती वितळवून सावकाश गार केलेली होती. गार होताना तिच्यातल्या अशुद्धी दोन बाजूंना वेगळ्या झाल्या होत्या. एका बाजूला बोरॉनचा अंश जास्त, दुसऱ्या बाजूला फॉस्फरसचा. तुकड्यात भेगेपाशी या दोन बाजूंची सीमा होती. फॉस्फरसचा पत्ता कसा लागला, ही तर गमतीचीच गोष्ट आहे. त्याचं प्रमाण इतकं कमी होतं की तेव्हाच्या रासायनिक चाचण्यांत ते सापडेना. पण लगडी हाताळणाऱ्या धातुतज्ज्ञांना ती फोडताना एक विशिष्ट वास यायचा. त्या वासावरून त्यांनी फॉस्फरस ओळखला. यंत्रांना जे जमलं नाही ते नाकाला जमलं.

आता हा बोरॉन आणि फॉस्फरस नेमकं काय करतात ते पाहू. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. तो चार शेजाऱ्यांशी एकेका इलेक्ट्रॉनची भागीदारी करतो. सगळे इलेक्ट्रॉन असे बांधलेले, त्यामुळे शुद्ध सिलिकॉनमधून वीज फारशी वाहत नाही. फॉस्फरसकडे पाच इलेक्ट्रॉन असतात. तो सिलिकॉनच्या रांगेत येऊन बसला की चार भागीदारीत जातात आणि पाचवा मोकळा फिरतो. बोरॉनकडे तीनच असतात. तो आला की एक जागा रिकामी राहते. शेजारचा इलेक्ट्रॉन सरकून ती भरतो, मग त्याची जागा रिकामी होते, अशी ती रिकामी जागाच पुढे पुढे सरकत जाते. सिनेमागृहात रांगेतल्या मधल्या खुर्चीवरचा माणूस उठून गेला आणि बाकीचे एकेक खुर्ची सरकले, तर रिकामी खुर्ची टोकाकडे जाताना दिसते, तसं.

हे व्हायला भेसळ किती लागते? दहा लाख सिलिकॉन अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू पुरतो. तेवढ्यानं वीज वाहण्याची क्षमता लाखो पटींनी वाढते.

आपल्याकडे काम नासणाऱ्या क्षुल्लक गोष्टीला दुधातला मिठाचा खडा म्हणतात. एवढासा खडा, पण पातेलंभर दूध वाया जातं. त्याच पातेल्यात चमचाभर विरजण घातलं तर मात्र दही होतं. दोन्ही चिमूटभरच. एकानं नासतं, एकानं जमतं. मांजराच्या मिशीच्या काळात लोकांना आपल्या दुधात काय पडलंय हेच माहीत नव्हतं, म्हणून कधी दही लागायचं आणि कधी सगळंच नासायचं. ओलच्या तुकड्यानं पहिल्यांदा दाखवलं की विरजण नावाची गोष्ट अस्तित्वात आहे. पण दही रोज हमखास लागायला हवं असेल तर आधी दूध निर्भेळ हवं. इथून पुढची वीस वर्षं त्या खटाटोपात गेली.

आधी पूर्ण साफ, मग चिमूटभर घाण

१९४७ सालच्या डिसेंबरात त्याच बेल प्रयोगशाळेत ब्रॅटन आणि जॉन बार्डीन जर्मेनियम या दुसऱ्या अर्धवाहकाशी झटत होते. त्यांनी जर्मेनियमच्या एका तुकड्यावर मुद्दाम ऑक्साइडचा पातळ थर चढवला होता, म्हणजे वरचा धातू खालच्या जर्मेनियमला थेट टेकणार नाही. प्रयोगाआधी ब्रॅटननं तुकडा धुतला, आणि त्या धुण्यात ऑक्साइडही वाहून गेलं. जर्मेनियमचं ऑक्साइड पाण्यात विरघळतं. ही चूक त्यांच्या पथ्यावर पडली. धातू जर्मेनियमला थेट टेकल्यावरच हवा तो परिणाम दिसायला लागला.

मग ब्रॅटननं प्लास्टिकच्या एका त्रिकोणी तुकड्याच्या कडेवर सोन्याचा वर्ख चिकटवला, टोकाशी ब्लेडनं त्याला बारीक चीर पाडली आणि तो त्रिकोण स्प्रिंगच्या दाबानं जर्मेनियमवर टेकवला. १६ डिसेंबरला हे साधन चाललं. एका टोकाला दिलेला बारीक संदेश दुसऱ्या टोकाला मोठा होऊन बाहेर आला. हा पहिला ट्रान्झिस्टर. छोटी वीज मोठ्या विजेला आवरते, एवढंच त्याचं काम. नळाची चावी दोन बोटांनी फिरवावी आणि पाण्याची धार कमी-जास्त व्हावी, तसं. चावी अर्धवट फिरवली तर आवाज मोठा करता येतो, हा रेडिओ. चावी पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद एवढंच केलं तर एक आणि शून्य मिळतात, हा कॉम्प्युटर आणि तुमचा फोन.

त्यांचा गटप्रमुख विल्यम शॉकली या निर्णायक प्रयोगात नव्हता, आणि ते त्याच्या मनाला फार लागलं. पुढच्या काही आठवड्यांत त्यानं ईर्षेनं काम करून जास्त चांगल्या ट्रान्झिस्टरची कल्पना कागदावर उतरवली. त्यात टेकवलेली तार नव्हती. वेगवेगळ्या भेसळीचे तीन थर एकाच स्फटिकात एकावर एक होते. कल्पना सुंदर होती, पण ती प्रत्यक्षात आणायची तर स्फटिकाचा प्रत्येक कण आपल्या मुठीत हवा. १९५६ साली तिघांना मिळून नोबेल मिळालं. तिघांचीही नावं पाठ्यपुस्तकांत आहेत. पण स्फटिक ज्यांनी मुठीत आणला त्यांची नावं फारशी कुणाला माहीत नसतात.

त्यांतला एक विल्यम फान. तो बेलमध्ये साधा मदतनीस म्हणून लागला होता आणि पदवी त्यानं नोकरी करता करता घेतली. त्याची युक्ती कुणालाही समजेल अशी आहे. वितळलेला पदार्थ गोठताना त्यातली अशुद्धी बहुतेक वेळा गोठलेल्या भागात न जाता वितळलेल्या भागात राहणं पसंत करते. फाननं जर्मेनियमची लांब कांडी घेतली आणि तिचा एक अरुंद पट्टा तेवढा वितळवला. मग तो वितळलेला पट्टा हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत नेला. मागचा भाग गोठत जातो आणि अशुद्धी पुढच्या पट्ट्याबरोबर ढकलली जाते. घरभर केर काढत दाराशी आणावा, तसं. असं पुन्हा पुन्हा केलं की सगळी घाण एका टोकाला गोळा होते. ते टोक कापून टाकायचं. या पद्धतीनं एक हजार कोटी अणूंमागे एखादाच परका अणू उरेल इतकं शुद्ध जर्मेनियम मिळायला लागलं. इतका शुद्ध पदार्थ माणसानं त्याआधी बनवला नव्हता.

दुसरा गॉर्डन टील. अणूंची रचना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असलेला एकच स्फटिक हवा, हा त्याचा हट्ट होता. वरिष्ठांना ते अनावश्यक वाटायचं, म्हणून तो बाकीचे घरी गेल्यावर काम करायचा. वितळलेल्या जर्मेनियमला एक छोटासा स्फटिक टेकवायचा आणि तो अगदी सावकाश वर ओढायचा. त्याच्या मागोमाग एकसंध कांडी तयार होत वर येते. आजही चिपसाठीच्या सिलिकॉनच्या मोठमोठ्या कांड्या याच तत्त्वावर काढतात. मग त्यांचे पापडासारखे पातळ काप करतात, त्यांना वेफर म्हणतात.

जर्मेनियमला एक खोड होती. ते जरा तापलं की बिघडायचं. सिलिकॉन जास्त उष्णता सोसतं, पण ते १४१४ अंशांना वितळतं आणि त्या तापमानाला ज्या भांड्यात ठेवावं त्या भांड्यातलीच घाण ओढून घेतं. त्यामुळे ते शुद्ध करणं महाकठीण. टील पुढे बेल सोडून टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समध्ये गेला. १९५४ सालच्या मे महिन्यात एका परिषदेत एकामागून एक वक्ते सांगत होते की सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला अजून बरीच वर्षं लागतील. टील उठला आणि म्हणाला की काही सिलिकॉन ट्रान्झिस्टर माझ्या खिशात आहेत. त्यानं एक रेकॉर्ड लावली आणि त्या यंत्रातला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर कढत तेलात बुडवला. गाणं बंद पडलं. मग तिथे सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर जोडला आणि तोही तेलात बुडवला. गाणं चालू राहिलं.

त्याच वर्षी बेलमध्ये सिलिकॉनचा सोलर सेल तयार झाला, तोही भेसळीच्या दोन थरांचाच. ओलच्या त्या भेगाळलेल्या तुकड्याचा हा थेट वारस. गच्चीवरचं सोलर पॅनेल, एलईडीचा बल्ब, फोनच्या कॅमेऱ्यातला सेन्सर ही सगळी याच कुळातली भावंडं आहेत.

जी घाण घाण नव्हती

शॉकलीनं पुढे कॅलिफोर्नियात स्वतःची कंपनी काढली. त्याच्या संशयी स्वभावाला कंटाळून १९५७ साली आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी सुरू केली. आज ज्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतात तिचं मूळ इथे आहे.

फेअरचाइल्डचे सुरुवातीचे ट्रान्झिस्टर एका चमत्कारिक कारणानं बंद पडत. धातूच्या डबीत बंद केलेल्या ट्रान्झिस्टरवर टिचकी मारली की काही कायमचे मरायचे. आत राहिलेला धातूचा एखादा सूक्ष्म कण उडून नेमका दोन थरांच्या उघड्या सीमेवर बसायचा. एवढ्याशा धुळीच्या कणानं सगळा धंदा बुडायची पाळी आली होती.

त्या आठ जणांतल्या जाँ हर्नी या स्विस शास्त्रज्ञाला यावर उपाय सुचला. सिलिकॉन तापवताना त्यावर ऑक्साइडचा, म्हणजे एक प्रकारच्या काचेचा, पातळ थर जमतो. भेसळ करताना त्या थराचा मुखवट्यासारखा उपयोग व्हायचा, पण काम झालं की तो अशुद्ध झाला असं समजून धुऊन टाकायचे. हर्नी म्हणाला, तो काढूच नका. तो थर सीमेवर तसाच झाकणासारखा राहू द्या. १९५९ साली त्यानं हे करून दाखवलं. ट्रान्झिस्टरवर टिचकी मारा नाहीतर थुंका, त्याला काही होईना. ज्याला सगळे घाण समजून फेकत होते तेच संरक्षण होतं.

मग रॉबर्ट नॉइसच्या लक्षात आलं की काच दुर्वाहक आहे, तेव्हा तिच्यावर ॲल्युमिनियमच्या बारीक रेघा ओढून शेजारशेजारचे ट्रान्झिस्टर जोडता येतील. तारा हातानं जोडायची गरज नाही. सगळं सर्किट एकाच तुकड्यावर. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बीनं वर्षभर आधी, १९५८ साली, एकाच तुकड्यावरचं सर्किट जर्मेनियममध्ये करून दाखवलं होतं, पण त्यात सुट्या तारा जोडाव्या लागत होत्या. नॉइसची रीत छापखान्यासारखी होती. आजच्या चिपचा पाया म्हणजे ही छपाई. जर्मेनियमचं ऑक्साइड पाण्यानं धुऊन जातं हे आपण पाहिलं. सिलिकॉनचं जात नाही. सिलिकॉननं बाजी मारली त्यात या फरकाचा वाटा मोठा आहे.

त्याच सुमाराला बेलमध्ये मूळचा इजिप्तचा मोहम्मद अटाला आणि कोरियाचा डॉन कांग यांनी या काचेलाच कामाला लावलं. काचेच्या वर धातूचा पडदा ठेवायचा आणि त्याला व्होल्टेज दिलं की खालच्या सिलिकॉनमध्ये विजेची वाट उघडते. काढून घेतलं की बंद. हा मॉस ट्रान्झिस्टर. तुमच्या फोनच्या चिपमधले कोट्यवधी ट्रान्झिस्टर याच जातीचे आहेत.

पण हा नवा ट्रान्झिस्टर लहरी निघाला. सकाळी एका व्होल्टेजला उघडायचा, तापल्यावर भलत्याच व्होल्टेजला. कारण सापडायला १९६०च्या दशकाचा मध्य उजाडला. फेअरचाइल्डमधल्या एका गटानं ते शोधलं. त्यात पुढे इंटेलचा प्रमुख झालेला अँडी ग्रोव्हही होता. दोष होता सोडियमचा. सोडियमचे भारित अणू काचेत शिरून इकडे तिकडे भटकत होते. ते येत होते भट्टीच्या नळ्यांतून, रसायनांतून आणि माणसांच्या घामातून.

म्हणजे सोडियम, म्हणजे मीठ! दुधातला मिठाचा खडा इथे अक्षरशः खरा ठरला.

त्यानंतर चिपच्या कारखान्यात माणूस हाच मुख्य शत्रू मानला जाऊ लागला. त्याचा घाम, कोंडा, केस, श्वास. छतापासून जमिनीपर्यंत गाळलेल्या हवेचा संथ झोत सोडणाऱ्या खोल्या आल्या. डोळे सोडून सगळं झाकणारे पांढरे पोशाख आले. वेफर पुन्हा पुन्हा धुवायला लागणारं पाणी इतकं शुद्ध करायला लागले की त्यात क्षारसुद्धा उरत नाहीत. सिलिकॉनची शुद्धता शंभर कोटी अणूंमागे एखादा परका अणू, या पातळीच्या पलीकडे गेली. भारताच्या सगळ्या लोकसंख्येत एक-दोन माणसं परकी असावीत, इतकी. आणि मग त्या निर्भेळ सिलिकॉनमध्ये मोजूनमापून, ठरलेल्या जागी, ठरलेली भेसळ. १९७१ साली इंटेलनं काढलेल्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरमध्ये २३०० ट्रान्झिस्टर होते. पुढचे आकडे तुम्हाला माहीतच आहेत.

केर कुठे गेला?

घर झाडलं की केर कुठेतरी टाकावा लागतो. फानच्या कांडीचं घाणेरडं टोक कापून टाकलं जायचं. वेफर धुतलेलं सॉल्व्हंटही कुठेतरी जायचंच.

धुराडी नसलेला, बागेत बसवलेल्या कॉलेजसारखा दिसणारा हा स्वच्छ उद्योग आहे, असा सिलिकॉन व्हॅलीचा लौकिक होता. १९८१ साल संपता संपता दक्षिण सॅन होजेमधल्या फेअरचाइल्डच्या कारखान्यात जमिनीखालची एक टाकी गळत असल्याचं लक्षात आलं. साफसफाईसाठी वापरलेलं सॉल्व्हंट त्यातून भूजलात झिरपलं होतं आणि जवळच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपर्यंत पोचलं होतं. विहीर बंद केली. शेजारच्या वस्तीत गर्भपात आणि जन्मजात व्यंगं अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचं सरकारी पाहणीत दिसलं, मात्र त्याचा या पाण्याशी थेट संबंध निर्णायकपणे सिद्ध झाला नाही. इतर कंपन्यांच्या आवारांतही तपासणी झाली आणि गळत्या सापडत गेल्या. अमेरिकी सरकारच्या अतिप्रदूषित जागांच्या यादीत एकट्या सँटा क्लारा काउंटीतल्या २३ जागा आल्या. देशातल्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त. तिथल्या जमिनीखालचं पाणी उपसून साफ करण्याचं काम काही दशकांनंतरही चालू राहिलं.

ज्या कंपनीनं काचेतला सोडियमचा अणू शोधून काढला, तिला स्वतःच्या अंगणातली गळकी टाकी वेळेत दिसली नाही. यात दुष्टपणा शोधायची गरज नाही. तिथली सगळी हुशार माणसं वेफरकडे बघत होती. वेफरबाहेरची स्वच्छता मोजणं कुणाच्या कामात मोडतच नव्हतं.

दुसरा प्रसंग अलीकडचा आहे. जगातल्या अत्याधुनिक चिपपैकी बहुतेक आज तैवानमध्ये बनतात. २०२० साली तैवानवर एकही वादळ थडकलं नाही, पाऊस आला नाही आणि २०२१ साली तिथे मोठा दुष्काळ पडला. सरकारनं हजारो हेक्टर भातशेतीचं पाणी तोडलं आणि शेतकऱ्यांना भरपाई दिली. चिपच्या कारखान्यांनी टँकरनं पाणी आणलं. एकेक मोठा कारखाना दिवसाला लाखो लिटर पाणी वापरतो. हे कारखाने पाण्याचा बराच भाग साफ करून पुन्हा वापरतात, पण दुष्काळात शेत आणि कारखाना यांत कुणाला आधी पाणी, हा प्रश्न तेवढ्यानं मिटत नाही. टँकर आणि तोडलेलं शेतीचं पाणी या गोष्टी महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगाव्या लागत नाहीत.

भारतानं चिप बनवण्याचा प्रयत्न पूर्वीही केला होता. सरकारी मालकीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं मोहालीत १९८०च्या दशकात उत्पादन सुरू केलं, पण १९८९ साली लागलेल्या आगीत कारखाना भस्मसात झाला आणि देश या शर्यतीत मागे पडला. २०२२ साली वेदान्त आणि फॉक्सकॉन यांचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार असं जाहीर झालं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, ते तुम्हाला आठवत असेल. वर्षभरातच ती भागीदारी मोडली. २०२४ साली गुजरातेत धोलेरा इथे टाटांच्या चिप कारखान्याची पायाभरणी झाली. हे कारखाने व्हायला हवेत. फोन आपण वापरायचा आणि त्याची टाकी मात्र दुसऱ्याच्या अंगणात गळू द्यायची, हे काही बरं नव्हे.

फक्त तळेगावच्या वेळी आपण नोकऱ्या किती आणि त्या कोणाच्या राज्यात, यावर जेवढं भांडलो तेवढ्याच तावातावानं आणखी काही प्रश्न विचारायला हवेत. पाणी कुठून येणार? वापरून झाल्यावर कुठे जाणार? जमिनीखाली टाक्या आहेत का, आणि त्या तपासण्याचे आकडे गावाला बघायला मिळणार का? हे विकासाला खीळ घालणारे प्रश्न नाहीत. सिलिकॉनच्या बाबतीत या उद्योगानं स्वतःला हेच प्रश्न विचारले होते: आत काय शिरतंय, किती शिरतंय, कुठून शिरतंय? उत्तर मिळेपर्यंत ती माणसं थांबली नाहीत, म्हणून आज हा मजकूर तुमच्या हातातल्या फोनवर दिसतो आहे. शंभर कोटींतला एक परका अणू हुडकून काढणं ज्यांना जमलं, त्यांना विहिरीतलं पाणी मोजणं अवघड नाही. ते मोजा, असं त्यांना कुणीतरी सांगावं लागतं.